पहिली केमो लागायच्या आधी विचारायचा एक प्रश्न

माझ्या मामेभावाच्या फाईलमध्ये चौथ्या पानावर एक ओळ होती, इंग्रजीत, बारीक अक्षरात, की या ट्रीटमेंटमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. त्या पानाखाली मामाची सही आहे. मामाला इंग्रजी वाचता येत नाही आणि आलं असतं तरी त्या दिवशी त्याने वाचलं नसतं, कारण १९ वर्षांच्या पोराला कमरेच्या हाडाचा कॅन्सर निघालाय, युइंग सार्कोमा, हे ऐकून दोनच तास झाले होते आणि समोरचा माणूस जिथे बोट ठेवेल तिथे आम्ही सगळे सह्या करत होतो. दहा वर्षांनी त्याचं लग्न ठरायला लागलं तेव्हा त्याने कुणाला न सांगता टेस्ट केली, रिपोर्टमध्ये शुक्राणूंच्या रकान्यात शून्य. तो आज ठणठणीत आहे, नोकरी करतो, गाडी चालवतो, आणि ज्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं त्यांचे उपकार आमच्या घरात कुणी विसरणार नाही. पण केमोच्या आधी त्याचे शुक्राणू गोठवून ठेवायला एक सकाळ आणि एक प्लास्टिकची डबी, एवढंच लागलं असतं. ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि या ट्रीटमेंटने मूल होण्यात अडचण येईल का, आधी काही करून ठेवता येईल का, हे विचारायचं असतं हे आम्हालाही माहीत नव्हतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी हे समजून घेऊ की कॅन्सरच्या औषधाने मूल होण्यावर परिणाम का होतो. केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतात, कॅन्सरची पेशी तशीच असते, पण केसांच्या मुळाची, तोंडाच्या आतल्या कातडीची पेशीही तशीच असते, म्हणून केस गळतात, तोंड येतं. केस परत येतात. बीजाचं मात्र बाईत आणि पुरुषात वेगळं गणित आहे.

पुरुषाचं म्हणजे विहिरीसारखं. वृषणात मूळ पेशी असतात, त्या झऱ्यासारख्या आयुष्यभर नवीन शुक्राणू तयार करत राहतात, एक बॅच तयार व्हायला साधारण ७४ दिवस, म्हणजे अडीच महिने लागतात. केमोमुळे विहीर आटते, पण खाली झरा जिवंत असेल तर वर्ष-दोन वर्षांनी, कधीकधी त्याहून उशिरा, पाणी परत येतं. झराच बुजला तर नाही येत. बाईचं कणगीसारखं. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या ओव्हरीमध्ये साधारण १० ते २० लाख बीजं भरलेली असतात, वयात येईपर्यंत त्यातली ३-४ लाख उरतात, आणि आयुष्यभर पाळी येऊन जाईपर्यंत त्यातली फार तर चार-पाचशे पिकून बाहेर पडतात, बाकीची आपोआप जिरतात. कणगीत नवीन दाणा पडत नाही. केमोने त्यातला मोठा हिस्सा एकदम जातो. म्हणून २५ वर्षांच्या मुलीची ओव्हरी ट्रीटमेंटनंतर एकदम चाळिशीतल्या बाईसारखी होऊ शकते, पाळी चालू असली तरी.

हे पाळीचं इथेच सांगते कारण यात फार जणी फसतात. पाळी परत आली म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं असं समजून मुली निवांत राहतात. पाळी येतेय याचा अर्थ कणगीत अजून दाणे आहेत एवढाच, किती आहेत ते पाळीवरून कळत नाही, आणि अशा मुलींची पाळी कायमची जायची वेळही लवकर येऊ शकते. एएमएच नावाची रक्ताची टेस्ट आणि सोनोग्राफी यावरून अंदाज येतो. त्यामुळे ट्रीटमेंटनंतर डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मूल हवं असेल तर "बघू सावकाश" म्हणून पुढे ढकलू नये.

सगळी केमो सारखी नसते, हेही तितकंच महत्त्वाचं, नाहीतर उगाच घाबरून जाल. सगळ्यात जास्त नुकसान अल्किलेटिंग गटातली औषधं करतात, सायक्लोफॉस्फामाईड, आयफॉस्फामाईड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान, मेलफलान ही नावं फाईलमध्ये दिसली तर प्रश्न लगेच विचारा. सिसप्लॅटिन मधल्या पट्ट्यात येतं. व्हिनक्रिस्टिन, मेथोट्रेक्सेट यांचा धोका कमी. म्हणजे हॉजकिन लिम्फोमाला, लसीकाग्रंथींच्या एका कॅन्सरला, नेहमी देतात ती एबीव्हीडी केमो घेतलेल्या बऱ्याच जणांना पुढे नैसर्गिकरीत्या मुलं होतात, लहान मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरच्या नेहमीच्या ट्रीटमेंटचाही धोका कमीच असतो, पण तोच आजार उलटला आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटची वेळ आली तर त्याआधी देतात त्या जबरदस्त डोसमध्ये फार थोड्यांचं बीज वाचतं. माझ्या भावाला सायक्लोफॉस्फामाईड आणि आयफॉस्फामाईड दोन्ही होतं आणि वर कमरेला शेक, म्हणजे रेडिएशन.

रेडिएशनचा भाग कुठला हे बघायचं. वृषण तर इतकं नाजूक असतं की अगदी थोडक्या डोसने शुक्राणू काही महिने थांबतात आणि जास्त डोसने कायमचे. ओटीपोटाला शेक असेल तर मुलीची ओव्हरी आणि गर्भाशय दोन्ही मार खातात, आणि गर्भाशयाचं कुणी फारसं बोलत नाही, पण लहानपणी शेक लागलेलं गर्भाशय नीट वाढत नाही, मग पुढे गर्भपात किंवा बाळ लवकर होणं असले त्रास होतात. डोक्याला शेक दिला तर ओव्हरी-वृषण शाबूत राहतात पण मेंदूतल्या ज्या ग्रंथीकडून त्यांना ऑर्डर जाते ती बिघडू शकते. त्यातल्या त्यात बरं हे की ही ऑर्डर हॉर्मोनच्या इंजेक्शनने बाहेरून देता येते.

आता काय करता येतं. मुलग्यांचं इतकं सोपं आहे की ते राहून जातं याचंच मला जास्त वाईट वाटतं. वयात आलेला मुलगा असेल, साधारण १३-१४ च्या पुढचा, तर स्पर्म बँकेत किंवा आयव्हीएफ सेंटरला जाऊन सॅम्पल द्यायचं, ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला गोठवून ठेवतात. एरवी दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून दोन-तीन सॅम्पल देतात, घाई असेल तर रोज एक, अगदीच नसेल वेळ तर एकच. एकाचाही उपयोग होतो, कारण १९९२ पासून इक्सी नावाचं तंत्र आहे ज्यात एक शुक्राणू सुईने एका बीजात सोडतात, त्यामुळे काउंट कमी आहे म्हणून सॅम्पल वाया असं राहिलेलं नाही. कॅन्सरमुळे, विशेषतः वृषणाच्या कॅन्सरमध्ये, काउंट आधीपासूनच कमी असतो, तरी ठेवायचं. वीस वर्षांहून जास्त काळ गोठवलेल्या सॅम्पलपासून निरोगी बाळं झालेली आहेत. फक्त हे पहिल्या केमोच्या आधीच करायचं, कारण केमो सुरू झाल्यावरच्या शुक्राणूंमध्ये जनुकीय बिघाड असू शकतो.

अडचण असते ती बोलायची. १६ वर्षांचा मुलगा, ताप, अशक्तपणा, बाहेर आई-वडील आणि मामा-काका उभे, आणि नर्सने हातात डबी दिली, कसं जमणार त्याला. त्याच्याशी एकट्याने बोलायला एक माणूस लागतो, शक्यतो पुरुष डॉक्टर नाहीतर मोठा भाऊ, वडिलांशी जमत असेल तर वडील, आणि आईने त्या दिवशी चहाला खाली गेलेलं बरं. शांत खोली, कडी लागणारा दरवाजा, घाई नाही. नाहीच जमलं तर भूल देऊन सॅम्पल काढायच्या पद्धती आहेत, वृषणातून बारीक तुकडा घेऊन त्यातून शुक्राणू शोधतात, म्हणून "नाही झालं" म्हणून लगेच सोडून देऊ नका.

मुलींचं जास्त कामाचं आहे पण बायकांना वाटतं तितकं लांबलचक नाही. पूर्वी पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची वाट बघायला लागायची, आता महिन्याच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. रोज हॉर्मोनची इंजेक्शनं, मधेमधे सोनोग्राफी, दहा-बारा दिवसांनी थोडी भूल देऊन सुईने बीजं बाहेर काढतात, त्याच दिवशी गोठवतात, म्हणजे एकूण दोन आठवडे. बऱ्याच कॅन्सरमध्ये बायोप्सीचे रिपोर्ट, स्कॅन, केमो देण्यासाठी कातडीखाली पोर्ट बसवणं यात एवढे दिवस तसेही जातात, त्यामुळे हे काम त्या दिवसांतच उरकतं, पण कधी, तर पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर. अचानक उसळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये मात्र दोन-तीन दिवसांत केमो लावावी लागते, तिथे थांबणं जिवावर बेतू शकतं आणि तिथे डॉक्टर नाही म्हणाले तर ते खरंच नाही असतं.

हॉर्मोनमुळे ब्रेस्ट कॅन्सर वाढणार नाही का, हा प्रश्न साहजिक आहे. त्यासाठी इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोलची गोळी देतात, ती इस्ट्रोजेन खाली ठेवते, आणि अशा पद्धतीने बीजं काढलेल्या बायकांमध्ये कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही.

लग्न झालेलं असेल तर नवऱ्याच्या शुक्राणूशी फळवून गर्भ गोठवता येतो, लग्न नसेल तर नुसती बीजं. माझं स्वतःचं मत विचाराल तर लग्न झालेल्या मुलींनीही निदान काही बीजं स्वतःच्या नावावर वेगळी ठेवावीत, कारण गर्भावर दोघांचा हक्क असतो आणि आजारपणात कुणाचा संसार कुठल्या वळणावर जाईल सांगता येत नाही, मी हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून दोन-तीन पाहिलेत. आणि लग्नाच्या मुलीला हे करायचं म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते की सोनोग्राफी खालून करणार, बीज खालून काढणार, मग पुढे काय. बायका हे डॉक्टरला विचारत नाहीत, घरी येऊन नको म्हणतात. विचारा. सोनोग्राफी पोटावरूनही करता येते, बीजंसुद्धा पोटातून किंवा दुर्बिणीने काढायची सोय असते.

गोठवण्याच्या या सगळ्या इतिहासात आपल्याकडचं एक नाव आहे, कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी इंग्लंडमध्ये झाली त्यानंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, त्यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली, आणि त्यांनी तिचा गर्भ आधी गोठवून मग सोडला होता, जे बाहेरच्या देशात कित्येक वर्षांनी जमलं. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, त्यांची बदली डोळ्यांच्या विभागात केली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत केईएम हॉस्पिटलला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, भारतातली पहिली म्हणून बरीच वर्षं तीच ओळखली गेली, आणि १९९७ मध्ये त्याच केईएमच्या कामातले शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी मुखर्जींच्या नोंदी वाचून जाहीरपणे सांगितलं की पहिला मान मुखर्जींचा. आज कॅन्सरच्या पेशंटचा गर्भ टाकीत ठेवतात तेव्हा मला त्या माणसाची आठवण येते.

लहान मुलींचं काय, ज्यांना पाळीच आलेली नाही, इंजेक्शनं देऊन बीजं पिकवणं शक्य नाही. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे दोन आठवडे नाहीत अशा मोठ्या मुलींसाठीही, दुर्बिणीने एका ओव्हरीचा तुकडा किंवा आख्खी ओव्हरी काढून तिच्या पातळ पट्ट्या गोठवतात. ट्रीटमेंट संपून मुलगी मोठी झाली, मूल हवं झालं की त्या पट्ट्या परत आत बसवतात आणि त्या काम करायला लागतात, पाळीसुद्धा परत येते. बेल्जियममध्ये डॉ. जॅक डोने यांनी १९९७ मध्ये एका हॉजकिनच्या पेशंटची ओव्हरी अशी ठेवली आणि २००४ मध्ये तिला मुलगी झाली, ती जगातली पहिली. २०१९ पासून अमेरिकेतल्या तज्ञांच्या संस्थेने याला प्रायोगिक म्हणणं सोडलं. आपल्याकडे मोजक्या ठिकाणीच होतं, चौकशी करावी लागते. एक मोठा धोका रक्ताच्या कॅन्सरमध्ये आहे, त्या पट्टीतच कॅन्सरच्या पेशी लपलेल्या असू शकतात आणि ती परत बसवणं म्हणजे आजार परत आणणं, त्यामुळे तिथे फार विचार करून ठरवतात.

वयात न आलेल्या मुलग्यांसाठी खात्रीचा उपाय अजून नाही. वृषणाचा तुकडा गोठवून ठेवण्याचं काम काही देशांत संशोधन म्हणून चालतं. कुणी खात्रीने होईल असं सांगून पैसे मागत असेल तर सावध राहा.

ठेवण्याबरोबर वाचवण्याचेही उपाय असतात. शेक ओटीपोटाला असेल तर ओव्हरी छोट्या ऑपरेशनने वर सरकवून शेकाच्या रस्त्यातून बाजूला करतात, मुलग्यांच्या वृषणावर शिशाचं कवच ठेवतात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला सापडला तर काही जणींमध्ये नुसतं तोंड काढून पिशवी वाचवता येते, पण हे सगळ्यांना लागू नाही आणि तिथे हट्ट करू नये. केमोच्या काळात ओव्हरीला झोपवून ठेवणारी इंजेक्शनं असतात, गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाईड, ब्रेस्ट कॅन्सरच्या तरुण बायकांमध्ये त्यांचा फायदा दिसलाय. पण ते पांघरूण आहे, पूर्ण संरक्षण नाही, बीजं गोठवता येत असतील तर याच्या भरवशावर तो पर्याय सोडू नका.

पैशाचं बोलायलाच हवं. मुलग्याचं सॅम्पल ठेवणं काही हजारांत बसतं, मुलीचं बीज काढून ठेवणं औषधं धरून लाखाच्या पुढे जातं, आणि दरवर्षी ठेवण्याचं भाडं वेगळं. कॅन्सरच्या खर्चाने आधीच शेत गहाण पडलेल्या घराला हे झेपत नाही, हे मला माहितीये आणि ते सरकारने उचलायला हवं असं मला मनापासून वाटतं. तरी विचारा, हॉस्पिटलच्या सोशल वर्करला विचारा, काही सेंटर कॅन्सर पेशंटला सवलत देतात, औषध कंपन्यांच्या योजना असतात. आणि काहीच झेपलं नाही तरी मुलग्यांचं तेवढं एक सॅम्पल ठेवाच.

सेंटर निवडताना ते २०२१ च्या एआरटी, म्हणजे कृत्रिम गर्भधारणेच्या, कायद्याखाली नोंदणी केलेलं आहे का बघा. त्या कायद्यात दात्याचं बीज आणि गर्भ साठवायला १० वर्षांची मर्यादा आहे, १५ वर्षांच्या पोराला २८ व्या वर्षी लागणार असेल तर आपल्या सॅम्पलला मुदत कशी लागते हे सेंटरकडून लेखी घ्या. आणि फॉर्म नीट वाचा. त्यात एक रकाना असतो की पेशंट राहिला नाही तर सॅम्पलचं काय करायचं. त्या दिवशी तो रकाना वाचवत नाही, खूप जड असतं ते, पण २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात एक आई अशाच फॉर्मवरून गेली होती. अविवाहित मुलाने केमोआधी सॅम्पल ठेवलेलं, मृत्यूनंतर नष्ट करा असं त्याने फॉर्ममध्ये लिहिलेलं, घरच्यांना ते माहीतच नव्हतं, कोर्टाने निकाल लागेपर्यंत सॅम्पल जपून ठेवायला सांगितलं. दिल्ली हायकोर्टाने २०२४ मध्ये कॅन्सरने गेलेल्या तरुणाचं गोठवलेलं सॅम्पल त्याच्या आई-वडिलांना द्यायला सांगितलं होतं, तिथे अशी मनाई कुठे लिहिलेली नव्हती.

ट्रीटमेंट संपल्यावर लगेच चान्स घ्यायचा नसतो, आजार कुठला, औषध कुठलं यावर ठरतं, बरेच डॉक्टर दोन वर्षं थांबायला सांगतात कारण आजार उलटायचा असेल तर बहुतेक याच काळात उलटतो. आणि केमो चालू असताना दिवस राहू नयेत म्हणून काळजी घ्यावीच लागते, केमोत काही होत नाही असं समजू नका. ब्रेस्ट कॅन्सरनंतर हॉर्मोनच्या गोळ्या ५-१० वर्षं असतात, तोवर वय निघून जातं. २०२३ मध्ये छापून आलेल्या पॉझिटिव्ह नावाच्या अभ्यासात पाचशेच्या वर बायकांनी दीड ते अडीच वर्षं गोळ्या घेऊन मग मुलासाठी त्या जास्तीत जास्त दोन वर्षं थांबवल्या, आणि साधारण साडेतीन वर्षांच्या पाहणीत तरी आजार उलटण्याचं प्रमाण वाढलेलं नव्हतं. आणि बाळात काही दोष येईल का, तर कॅन्सरमधून बऱ्या झालेल्यांच्या मुलांमध्ये जन्मजात दोष जास्त असतात असं दिसलेलं नाही, घराण्यातून उतरणारा कॅन्सर असेल, बीआरसीए जनुकातल्या बिघाडाचा वगैरे, तर त्याची वेगळी तपासणी करतात.

वेळ निघून गेलेल्यांना, जसं माझ्या भावाला, अजूनही डॉक्टरकडे जायला जागा आहे. शून्य रिपोर्ट आलेल्या काही जणांच्या वृषणात सूक्ष्मदर्शकाखाली शोधल्यावर थोडे शुक्राणू सापडतात. मुलींना लवकर पाळी गेली तर मूल नको असलं तरी बहुतेकींना हॉर्मोन घ्यायला लागतात, नाहीतर तिशीतच हाडं ठिसूळ होऊ शकतात. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी १९९१ पासून वेगळा क्लिनिक चालतो, तिथे असलं सगळं बघतात.

भावाने मुलीकडच्यांना पहिल्याच भेटीत फाईल दाखवली, रिपोर्टसकट. दोन स्थळांनी नकार दिला. तिसऱ्या मुलीने फाईल घरी नेली, चार दिवसांनी फोन करून विचारलं की दत्तक घ्यायला किती वर्षं थांबावं लागतं, त्याने चौकशी केलेलीच होती. गेल्या महिन्यात दोघांनी दत्तकासाठी नाव नोंदवलं. आणि मामा, ज्याने न वाचता सही केली होती, तो आता ओळखीतल्या कुणालाही कॅन्सर निघाला की फोन करतो आणि नमस्कार झाला की पहिलं वय विचारतो.